डाव्या खांद्याचे शर्ट

आमच्या दुकानाचा एक नियम होता आणि तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता. गिऱ्हाइकाच्या अंगातली खोट गिऱ्हाइकाला सांगायची नाही. कुणाचा एक खांदा खाली असतो, कुणाच्या पाठीला बाक असतो, कुणाचं पोट त्याच्या आधी दुकानात शिरतं. आपण टेप लावायचा, तोंडाने इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि जे काही वाकडं असेल ते कापडात जिरवून टाकायचं. समोरच्या इमारतीतले वकील कित्येक वर्षं आमच्याकडे कोट शिवतात. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली आहे आणि हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. कोर्टात ताठ उभे राहतात ते आमच्या जिवावर.

हा नियम माझ्या यजमानांचा. त्यांना सगळं जग मास्तर म्हणतं, मीसुद्धा. फक्त डोकं फिरलं की 'अहो' म्हणते, म्हणजे त्यांना वेळीच कळतं. कापायचं ते मास्तरांनी, मशीनवर शिवायचं ते त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, आणि काजं, बटणं, हेमिंग आणि गिऱ्हाइकांशी भांडण हे माझ्याकडे. दुकान खाली, आम्ही वर राहतो. भाऊजींनी लग्न केलं नाही, ते आमच्यातच असतात. इतक्या वर्षांत त्यांनी कात्रीला हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता म्हणा. "तुझा हात शिलाईचा आहे," असं मास्तर एकदा म्हणाले होते आणि भाऊजींनी ते ब्रह्मवाक्य धरलं. मोठ्या भावापुढे ब्र काढायचा नाही, ही त्यांना लहानपणापासूनची सवय.

तर मास्तर एका सकाळी कोटाचं कापड टेबलावर पसरून खडूने आखत होते. मी समोरच बसले होते. डावा हात कापडावर दाबून ठेवायचा आणि उजव्या हाताने आखायचं, ही त्यांची पद्धत. तो डावा हात आपोआप सरकत टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि खाली पडला. मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग ते स्वतःही खाली बसले. भाऊजींनी रिक्षा आणली. पुढचं हॉस्पिटलचं सांगत बसत नाही, ते ज्याला माहीत असतं त्याला माहीत असतंच.

घरी आले तेव्हा पाय बराचसा सावरला होता, काठी घेऊन चालत होते. जीभ तर अजिबात अडखळत नव्हती. देवाने नेमकं तेच कसं शाबूत ठेवलं, असं मला अधूनमधून वाटायचं. राहिला होता तो डावा हात. खांद्यापासून नुसता लोंबत होता.

मग थेरपिस्ट यायला लागली. शिडशिडीत पोरगी, आमची मुलगी शोभेल अशा वयाची, पण आवाज हेडमास्तरणीचा. पहिल्याच दिवशी तिने मला झापलं. मी मास्तरांना खुर्चीतून उठवताना डाव्या दंडाला धरून वर घेतलं, तर ती किंचाळलीच.

"काकू, हात सोडा! त्या हाताला धरून कधीच उचलायचं नाही. कधीच."

मला राग आला. माझ्या नवऱ्याला मी कुठे धरायचं हे आता ही सांगणार. पण तिने खाली बसून समजावलं तेव्हा पटलं. खांदा म्हणजे खोबणीत बसलेला गोळा, तिने सांगितलं, आणि खोबणी फार उथळ असते. गोळा जागेवर राहतो तो भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. मास्तरांचे ते स्नायू सैल पडले होते, त्यामुळे हाताच्या वजनानेच गोळा खाली ओघळत होता. शिलाई उसवून नुसत्या धावदोऱ्यावर राहिलेली बाही असते ना, तसं. अशी बाही ओढली तर काय होतं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने मास्तरांच्या खांद्याच्या हाडाखाली बोट दाबलं, ते आत गेलं. माझं बोट धरून तिथे लावलं. चांगली एका बोटाची खाच होती.

"ही भरून यायला हवी," ती म्हणाली.

व्यायाम दिसायला अगदी साधे होते. दोन्ही खांदे मागे घेऊन पाठीची पाती एकमेकांकडे आवळायची आणि सोडायची. टेबलावर टॉवेल ठेवून त्यावर डावा तळवा ठेवायचा, उजव्या हाताने त्याला सोबत करत पुढे सरकवायचा, मागे आणायचा. दोन्ही हातांची बोटं गुंफून छातीपर्यंत वर घ्यायची. तळवा टेबलावर सपाट टेकवून त्यावर हळूहळू भार द्यायचा. बसल्यावर हात लोंबता ठेवायचा नाही, त्याच्याखाली उशी हवी. आणि या सगळ्याच्या आधी सरळ बसायचं.

"बसणं चुकलं की पुढचं सगळं चुकलं," ती म्हणाली. "वाकडं बसून व्यायाम केला तर वाकडेपणाच पक्का होतो."

"बसणं?" मास्तर म्हणाले. "माझ्याएवढं सरळ या गल्लीत कुणी बसत नाही."

तिने त्यांना डोळे मिटायला लावले. "आता सरळ बसा आणि सरळ झालात की सांगा."

मास्तर बसले. थोडं हलले, मान ताठ केली आणि म्हणाले, "झालो." मी आणि भाऊजींनी एकमेकांकडे बघितलं. मास्तर डावीकडे झुकले होते. थोडेथोडके नाही, एखाद्याने हाक मारली आणि ते कान देऊन ऐकतायत इतके. डोळे उघडल्यावरही ते म्हणेनात की मी वाकडा आहे. ज्या माणसाने चौकड्याचं कापड पट्टी न लावता कापलं आणि शिवल्यावर चौकडा चौकड्याला मिळाला, त्याला स्वतःची मधली रेघ सापडत नव्हती. थेरपिस्ट म्हणाली की याला हट्ट म्हणू नका, मेंदूतला ओळंबाच हलला आहे. त्यांना खरोखर सरळच वाटतंय.

उपाय तिनेच काढला. आमच्या ट्रायल रूममध्ये उंच आरसा आहे. त्यावर तिने मधोमध वरून खाली एक लाल चिकटपट्टी लावली. त्यासमोर स्टूल. "शर्टाची बटणं या पट्टीवर आली पाहिजेत. सगळी. वरच्या बटणापासून खालच्यापर्यंत. रोज आधी हे जुळवा, मग व्यायाम." हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्याकडे हातासाठीच आरसा लागला.

मास्तरांनी तिला एकच प्रश्न विचारला. "कात्री कधी?"

"खांदा जागेवर बसला आणि आरशाशिवाय सरळ उभं राहता आलं की," ती म्हणाली. "त्याआधी टेबलाशी उभे राहिलात तर सगळा भार डावीकडे टाकून कापाल. खांदा दुखायला लागेल, मग आखडेल आणि मग हात वर जाणारच नाही. तसं झालं तर कात्री कायमची विसरा. मी दोन महिन्यांनी नीट तपासून सांगेन."

तिच्याकडे पुष्कळ पेशंट. रोजचं शिकवून झालं, मग ती फोनवर विचारपूस करायची. बाकी आमचं आम्ही.

मास्तर खरंच बसले की काय आरशासमोर, तर बसले. पण पहिला आठवडा फार वाईट गेला. बटणं पट्टीवर येईनात. आली तर टिकेनात. एका बाजूला उतरलेला खांदा, ओघळलेली बाही, मधोमध ती लाल पट्टी आणि तिला तिरका छेद देऊन गेलेली बटणं. आयुष्यभर दुसऱ्यांचं हे झाकलं आणि आता रोज सकाळी स्वतःचं उघड्यावर. एके दिवशी त्यांनी टॉवेल फेकून दिला आणि रडायला लागले. या आजारात माणूस लवकर रडतो असं थेरपिस्टने सांगितलं होतं, पण सांगितलं म्हणून काही बघवतं असं नाही.

"हा माणूस कोण बसलाय?" ते आरशाकडे बोट करून म्हणाले. "हा आपल्या दुकानात आला असता तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा रे, दुसरीकडे जा."

दुसऱ्या दिवशी खाली यायलाच तयार नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बोलून बघितलं, गोडीत आणि मग माझ्या नेहमीच्या पद्धतीने. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला हा माणूस. भाऊजी मशीनवर बसून सगळं ऐकत होते. ते कधीच बोलत नाहीत.

मास्तरांना आंघोळ घालणं, पुसणं, कपडे चढवणं हे सगळं भाऊजी करायचे. मास्तर अंगाने भरलेले, मला ते पेलत नव्हते. लुळा हात आधी बाहीत, मग शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात, हे भाऊजींना चटकन जमलं. जुने शर्ट चढवायला त्रास होतो म्हणून त्यांनी नवे शिवायला घेतले. तोवर कटिंगही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. गिऱ्हाइकांचे कपडे ते मास्तरांच्या जुन्या कागदी फर्म्यांवरून कापायचे, घामाघूम होऊन, एकेक कट दहादा मोजून. मास्तरांचे शर्ट मात्र त्यांनी दुपारी शटर अर्धं ओढून, मी वर गेले असताना कापले. काजं-बटणंही त्यांनीच केली. "वहिनी, तुम्हाला किती कामं," म्हणाले. मला बरं वाटलं. फुकटचा मान कुणाला नको असतो?

नवा शर्ट घालून मास्तर खाली आले. भाऊजींनी कसंबसं समजावून आणलं होतं, एकदाच बस म्हणून. ते स्टुलावर बसले, थोडे हलले, आणि बटणं पट्टीवर आली. वरपासून खालपर्यंत, ओळीने. खांदेही जवळजवळ एका पातळीत. मास्तर बघतच राहिले. मी टाळी वाजवली, आता लाज वाटते, पण वाजवली खरी.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

त्या दिवसापासून मास्तरांच्या अंगात वारं भरलं. सकाळी मी हाक मारायच्या आत तयार. बटणं जुळवायची, पाती आवळायची, टॉवेल सरकवायचा, तळव्यावर भार द्यायचा. व्यायाम करता करता पडद्याआडून हुकूम सोडायचे, इस्त्री गरम आहे का बघा, त्या पॅन्टची मोहरी अरुंद होतेय. गिऱ्हाइकांना सांगायचे की वकीलसाहेबांचा पुढचा कोट मीच कापणार. दुकानात पुन्हा आवाज आला. भाऊजी मात्र मास्तर आरशासमोर बसले की हटकून दोरा आणायला नाहीतर बॉबिन भरायला उठायचे. मी म्हटलं, त्यांना बिचाऱ्यांना अजून बघवत नसेल.

एकच गोष्ट खटकत होती. खांदा दुखत होता. आधी दुखत नव्हता, आता दुखायला लागला, संध्याकाळी जास्त. थेरपिस्टने फोनवर विचारलं की मास्तर तिला "किरकोळ" म्हणून सांगायचे आणि मला डोळे वटारायचे. कात्रीच्या आड त्यांना काहीच येऊ द्यायचं नव्हतं.

दोन महिन्यांनी ती आली. मास्तर ट्रायल रूममध्ये स्टुलावर तयारच होते, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे त्यांनी पाय जुळवून ठेवले होते. पडदा उघडा होता. बटणं पट्टीवर तंतोतंत.

"अरे वा," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला. "काका, हे तुम्ही घरच्या घरी केलंत?"

"मग काय," मास्तर म्हणाले. "आता तुमचं ते बोट घाला आणि सांगा कात्री कधी ते."

तिने शर्ट काढायला सांगितला. मी बटणं सोडली, चांगला हात आधी बाहेर, मग दुखरा, आणि शर्ट हातात घेऊन बाजूला झाले.

स्टुलावर मास्तर डावीकडे झुकलेले बसले होते. अगदी पहिल्या दिवसाइतके. डावा खांदा खाली ओघळलेला, मान उजवीकडे खेचलेली. आणि चेहऱ्यावर ती तयार, खूश कळा तशीच. त्यांनी हालचालच केली नव्हती. शर्ट होता तेव्हाही ते असेच बसले होते.

थेरपिस्टने बोट लावलं. मग दुसरं बोट लावून बघितलं. शर्ट पुन्हा अंगावर घालायला सांगितला, मी बटणं लावली, मास्तर सरळ झाले. काढला, वाकडे झाले. ती बिचारी गोंधळून गेली. तिने आरशाकडे बघितलं, स्टुलाचे पाय बघितले, जमीन बघितली.

मी नाही गोंधळले. शर्ट माझ्या हातात होता, आणि डाव्या खांद्याशी तो जड लागत होता. मी तो कटिंग टेबलावर नेऊन पसरला आणि बटणपट्टीवर दुमडून दोन्ही अंगं एकावर एक ठेवली. ती जुळली नाहीत. डावं अंग वेगळं, उजवं वेगळं. बटणपट्टीच तिरकी कापली होती. डाव्या खांद्यात आतून पॅड, बाही किंचित आखूड, कॉलरची बसणी एका बाजूने उचललेली. सरळ माणसाने तो शर्ट घातला असता तर बटणं उजवीकडे पळाली असती. तो शर्ट फक्त डावीकडे झुकलेल्या माणसालाच सरळ बसत होता.

मशीन थांबलं होतं. मी वळून बघितलं तर भाऊजी पायडलवर पाय ठेवून, खाली मान घालून बसले होते.

"भाऊजी?" मी म्हटलं.

"तो खाली येत नव्हता, वहिनी," ते म्हणाले. "वर पलंगावर नुसता भिंतीकडे तोंड करून... मी म्हटलं, एकदा आरशात बरा दिसला की त्याला हुरूप येईल. मग सुधारला की शर्ट बदलू. मी रोज आंघोळ घालताना बघत होतो. मला वाटायचं, उद्या सुधारेल."

थेरपिस्टला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "तुम्ही काय केलंत कळतंय का? ते चुकून सरळ बसले की तुमची बटणं पट्टीवरून हलणार, मग ते पुन्हा झुकून ती जागेवर आणणार! दोन महिने त्यांनी मन लावून वाकडं बसायचा सराव केला. त्यावर भार दिला. खाच कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय. दुखणारच की!"

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला त्यांची कीव येत होती आणि त्याच वेळी हातातला शर्ट त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटत होता. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"शर्ट आण इकडे," मास्तर म्हणाले.

ते उघडेच बसले होते. मी शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी उजव्या हाताने तो चाचपला. खांद्यातलं पॅड अंगठ्याने दाबून बघितलं. कॅनव्हासचे थर होते, कडेला पातळ होत गेलेले, कुठेही धार नाही, बाहेरून पत्ता लागू नये असे. बाहीची गोलाई बघितली. बटणपट्टी डोळ्यांजवळ नेली. खूप वेळ घेतला त्यांनी. आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली होती, कारण मास्तरांचा राग आम्हाला माहीत होता.

"फर्मा कुठला घेतलास?" त्यांनी विचारलं.

"फर्मा नाही," भाऊजी म्हणाले. "अंगावरूनच. आंघोळीच्या वेळी बघून."

"टेप न लावता?"

"टेप लावला असता तर तुला कळलं असतं."

मास्तरांनी शर्ट खाली ठेवला. "गाढवा," ते म्हणाले. "असा शर्ट मला कापता आला नसता."

मग ते आरशाकडे बघून म्हणाले, "मी रोज तास तास यात बघत होतो. डोळ्यांसमोर तिरकी बटणपट्टी. आणि मला दिसली नाही. मला!" शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला. तेव्हा मला समजलं की त्यांना खांद्याची भीती वाटत नव्हती. कात्री धरता येईल, पण डोळा परत येईल का, ही ती भीती होती, आणि ती मलाही वाटायला लागली.

थेरपिस्ट त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. आता तिचा आवाज उतरला होता. ती म्हणाली की डोळा गेलेला नाही, डोळ्याला मधली रेघ सांगणारी जागा दुखावली आहे, आणि ती शिकते. हळू शिकते, पण शिकते. मात्र तिला खरं सांगावं लागतं, रोज, चुकेल त्या क्षणीच. लपवलं की ती खोटंच शिकते. आजपासून शर्ट नाही, बनियन नाही. आणि थोडा वेळ आरसाही नाही, आरसा झाकायचा आणि मागे माणसाने उभं राहून सांगायचं. कात्रीचं पुढे बघू. आत्ता नाही. "आज कळलं ते बरं झालं, काका. अजून वेळ गेलेली नाही."

"तोवर टेबल?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांनी भाऊजींकडे बघितलं. "वकीलसाहेबांचा कोट तू काप," ते म्हणाले. "फर्मा न घेता." आणि वर म्हणाले की आता मान वर कर, गिऱ्हाइकाला काय वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ट्रायल रूममध्ये स्टुलावर उघडे बसले. आरशावर मी चादर टाकली. पडदा ओढला. मागे उभी राहायला लागले तर म्हणाले, "तू नको. तू मला लग्नापासून वाकडाच म्हणत आलीस. त्याला बोलाव."

भाऊजी आले आणि मागे उभे राहिले. मी पडद्याशी थांबले. मास्तरांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, श्वास घेतला, मान ताठ केली. "झालो," म्हणाले.

ते डावीकडे झुकले होते. भाऊजींनी बघितलं आणि खाली बघायला लागले.

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"ठीक आहे, दादा."

माझ्या जिभेवर शब्द आला होता, मी तो गिळला. त्यांना मागचं दिसत नव्हतं, पण धाकट्या भावाचा आवाज ते पन्नास वर्षं ऐकत आले होते.

"अरे, मला दिसत नाहीये रे," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले. "मला खरंच कळत नाही मी कसा बसलोय ते. तू सांगितलं नाहीस तर मी असाच बसणार. मग हा हात असाच राहणार. माझ्यावर माया आहे ना तुझी? मग बोल."

भाऊजींनी पडद्याचं टोक मुठीत धरलं.

"दादा," ते म्हणाले, "झुकलायस."

"कुठे?"

"डावीकडे."

"किती?"

भाऊजींनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच नीट बघितलं, डोकं एका बाजूला कलवून, मास्तर कापड बघायचे तसं. "दोन बोटं. वरून दोन. खाली कमी आहे."

मास्तर हलले. "आता?"

"अजून."

"आता?"

"नाही, नाही. खांदा नुसता वर उचलू नकोस, तो फसवा सरळपणा आहे. बूड डावीकडे दाबलंयस तू. ते उजवीकडे घे."

बाहेर कुणीतरी काउंटरवर टकटक करत होतं. मी तशीच उभी राहिले. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावाचं ऐकलं आणि बूड उजवीकडे सरकवलं.